भाषण नसलेल्या बैठकीला पहिल्यांदा जाताना



मेळाव्यात कामाची माहिती बहुतेक वेळा मंडपात मिळत नाही, बाहेर चहाच्या टपरीवर मिळते. अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन यांच्या हेच ध्यानात आलं आणि १९८५ मध्ये त्यांनी निव्वळ चहापानासारखी परिषद भरवली. प्रमुख पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. ज्याला जो विषय सुचेल तो त्यानं कागदावर लिहून भिंतीला लावायचा, ज्याला रस असेल त्यानं तिथं बसायचं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात संगणकवाल्यांनी अशीच 'बारकॅम्प' सुरू केली. पुण्यातही ती भरली. आपल्याकडं प्रा. श्री. अ. दाभोळकरांचा 'प्रयोग परिवार' याच जातीचा. तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार त्यात एकमेकांच्या अनुभवावरून शिकले.

वरवंड-पाटस पट्ट्यात अशी बैठक बसली आणि तुम्ही पहिल्यांदाच जात असाल, तर मागं बसून ऐकायचं ठरवून जाऊ नका. बारकॅम्पमध्ये तर नव्या माणसानंच बोलावं असा रिवाज आहे.

समजा विषय निघाला हुमणीचा. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे अंधार पडताना कडुलिंब-बाभळीवर येतात. एकट्यानं झाडं हलवून गोळा केले तरी बांधापलीकडचे येतातच. सगळ्या शिवारानं एकाच वेळी गोळा केले तर फरक पडतो. त्यासाठी कुणाच्या रानात कधी आणि किती दिसले हे बोलावं लागतं. नेमका इथंच गडी गप्प बसतो. आपला फड वाळला हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. पण तुम्ही दडवलेली हुमणी पुढच्या साली शेजाऱ्याच्या खोडव्यात निघते.

दुसऱ्यानं सांगितलेला डोस मात्र लगेच उचलू नका. त्याचं रान माळाचं की कालव्याकाठचं खारवट, पाणी कुठलं, हे आधी विचारा. एखाद्या घोळक्यात आपल्या कामाचं काही नसेल तर खुशाल उठून दुसरीकडं बसा, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणखी एक, न विचारता सांगतो. लागणीची तारीख, खुरपणीचे रोज, मजुरीचा हिशोब बऱ्याच घरांत बाईलाच तोंडपाठ असतो, आणि बैठकीत नेमकी तीच चहा करायला उठते. त्या दिवशी चहा बाहेरून मागवा.

येताना वही आणा, माती तपासणीचा कागद असेल तर तोही. वाळलेलं उसाचं बेट मुळासकट, मातीसकट पिशवीत घाला आणि तोंड घट्ट बांधा.