तांड्यावरची डॉक्टरीण

जिंतूर तालुक्यातील एका तांड्यावरची मुलगी बीडीएस होऊन आली आणि दवाखाना कुठे टाकावा हे विचारायला माझ्याकडे आली. मी म्हटले, परभणीत दातांचे दवाखाने पुष्कळ झाले, तू तालुक्यालाच बैस. ती म्हणाली, "काका, लमाणाच्या पोरीपुढे पेठेतली माणसं तोंड उघडतील का?"

शंका खोटी नव्हती. बंजारा समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते, आपल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. तरी पाटीवरचे आडनाव वाचून मग पायरी चढणारी माणसे आपल्याकडे आहेत.

दातांचा दवाखाना म्हणजे एक खुर्ची आणि एक पकड, असे पुष्कळांना वाटते. पदवीनंतर राज्य दंत परिषदेची नोंदणी लागते. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि सुया-कापसाच्या विल्हेवाटीसाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. शिवाय कॉम्प्रेसर आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. कर्ज काढूनच हे होते. मी तिला एकच सांगितले, खुर्ची जुनी घे, पण ऑटोक्लेव्ह नवा घे. हत्यारे नुसती उकळून भागत नाही. १२१ अंश उष्णता आणि १५ पौंड दाबाची वाफ १५ ते २० मिनिटे लागते. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहू शकतो. वाचकांनीही "हत्यारे कशात निर्जंतुक करता?" असे दंतवैद्यांना खुशाल विचारावे. चांगला डॉक्टर रागावत नाही.

पहिल्याच महिन्यात एक म्हातारी तिच्याकडे आली. ही बाई दोन वर्षे खोकल्यासाठी माझ्याकडे येत होती. मी मराठीत विचारी, ती पदर तोंडाला लावून मान हलवी. तंबाखूचे मी विचारले होते, "नाही" म्हणाली होती. या मुलीने तिला "याडी" म्हणून हाक मारली, गोरमाटीत चार गोष्टी केल्या, आणि म्हातारीने आपणहून गाल ओढून दाखवला. आत पांढरा चट्टा, तंबाखूची गोळी ठेवायची नेमकी तीच जागा. तुकडा तपासायला मोठ्या रुग्णालयात पाठवला. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरचे बदल होते. दोन वर्षे मी बॅटरी घेऊन समोर बसलो होतो, हे मला अजून टोचते.

दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण, पांढरे किंवा लाल चट्टे, तिखट सोसेनासे होणे, तोंडात आपली तीन बोटे उभी न जाणे, यांपैकी काहीही असेल तर दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखतच नाही. मिश्री लावणाऱ्या बायांनी तर नक्की.

पेठेतली माणसेही हळूहळू येऊ लागली. रात्री दाढ ठणकली की आडनाव कोण वाचतो! तिला खरा त्रास झाला तो आपल्याच माणसांचा. "आपल्या लेकीचा दवाखाना" म्हणून मामा, मावसा, सगळे उधारीवर. वर्षाअखेर कर्जाचा हप्ता चुकला तेव्हा ती वही घेऊन रडत माझ्याकडे आली. मी तांड्याच्या नायकाला बोलावून वही दाखवली. त्यात त्याच्याही दोन दाढा होत्या. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाकावर चार माणसे बसलेली असताना त्याने सर्वांसमोर पैसे मोजून दिले.