कोठीपासून ताटापर्यंत : घरातील अन्नाची नासाडी कशी थांबवावी

नाशिक जिल्ह्यात चैत्र-वैशाख हे घर भरण्याचे महिने होत. निफाड, चांदवड, येवला या तालुक्यांत उन्हाळ कांदा चाळीत पडतो, गोदाकाठचा गहू घरी येतो, डाळी भरडून ठेविल्या जातात आणि अंगणात पापड-कुरडया वाळू लागतात. वर्षाची बेगमी झाली की सारे घर निश्चिंत होते. परंतु भरलेली कोठी म्हणजे वाचलेले अन्न नव्हे. त्यातील काही हिस्सा किडीच्या, काही बुरशीच्या आणि काही घरातल्यांच्या निष्काळजी सवयींच्या वाट्याला जातो. बियाणे, खत व मजुरी यांचा हिशेब शेतकरी मांडतो. घरात वाया गेलेल्या पायलीभर धान्याचा मात्र मांडीत नाही. जे मोजले जात नाही, ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही, ते थांबत नाही.

नासाडी किती होते?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील साठ टक्के नासाडी हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, तर घरांत झाली. भारतातील घरांसाठी हा अंदाज दर माणशी वर्षाला ५५ किलो इतका आहे. यात साली, देठ, हाडे यांसारखा न खाण्याचा भागही धरलेला आहे, हे खरे. तरीही आकडा विचार करावयास लावणारा आहे.

हाच हिशेब आपल्या घराला लावून पाहावा. बाजरीच्या एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ लागते. घरात रोज एकच भाकरी वाया गेली, तरी वर्षाकाठी साडेछत्तीस किलो बाजरी गेली. शेजारच्या अशा तीन घरांची बेरीज केली, तर एक क्विंटलाहून अधिक होते. कोरडवाहू रानात हे धान्य पिकविण्यासाठी किती पाळ्या घालाव्या लागतात आणि किती वेळ आभाळाकडे पाहावे लागते, हे सिन्नर-येवल्याच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लोकांनी दुष्काळी कामांवर सुकडी खाऊन दिवस काढले. तो काळ पाहिलेल्या वृद्धांना दाण्याचे मोल ठाऊक आहे.

कोठीतील धान्य

पहिली नासाडी साठवणीत होते. दाण्यात ओल राहिली की सोंडे किडा व बुरशी यांना वाव मिळतो. म्हणून धान्य कडक उन्हात पातळ पसरून वाळवावे. दाणा दाताखाली 'कट्' असा आवाज करून फुटला म्हणजे तो साठवणीस योग्य समजावा. वाळलेले धान्य गरम असतानाच कोठीत भरण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. असे धान्य आत घाम धरते व वरचा थर कुबट होतो. ते रात्रभर निवू द्यावे व मग भरावे.

जुन्या धान्यावर नवे धान्य कदापि ओतू नये. कोठी रिकामी करून, झाडून, उन्हात तापवून घ्यावी. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. तूर, मूग, हरभरा यांना भुंगा लवकर लागतो. ज्या डाळी व कडधान्ये घरी खावयाची आहेत, त्यांना किलोस चमचाभर खाद्यतेल चोळल्यास भुंग्याची अंडी वाढत नाहीत. धान्यात टाकावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात मुळीच वापरू नयेत. त्यांतून सुटणारा वायू झोपलेल्या माणसांचे प्राण घेतो.

बाजरीविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बाजरीत स्निग्धांश अधिक असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो टिकतो. दळल्यावर मात्र थोड्याच दिवसांत पीठ कडू होते आणि डबाभर पीठ जनावरांपुढे जाते. म्हणून बाजरी एका आठवड्यास पुरेल इतकीच दळावी. गिरणीची एक खेप वाचविण्यासाठी महिन्याचे दळण करणे हा तोट्याचा व्यवहार होय.

घरचा कांदा

लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेल्या 'कृषक' केंद्रात किरणांचा मारा करून कांद्यास कोंब येणे रोखले जाते. घरात ते साधन नाही. तेथे निवड आणि वारा हीच दोन साधने.

जोड कांदा, डेंगळे आलेला कांदा, जाड मानेचा व काढताना खुरप्याने कापला गेलेला कांदा टिकत नाही. तो चांगल्या कांद्यात मिसळू न देता घरच्या स्वयंपाकास आधी वापरावा. खरिपाचा लाल कांदाही साठवणीचा नव्हे. वर्षभराच्या खाण्यासाठी उन्हाळ कांद्यातील मध्यम आकाराचा, बारीक मानेचा, नीट सुकलेला कांदाच निवडावा. तो गोणीत दाबून न ठेवता बांबूच्या ताटीवर पातळ पसरावा व आठवड्यातून एकदा चाळून सडका कांदा काढून टाकावा. एक सडका कांदा शेजारच्या दहांना नासवितो. कांदा व बटाटा एकाच टोपलीत ठेवू नयेत. ज्या कांद्याचा भरवसा वाटत नाही, तो वैशाखाच्या उन्हातच चिरून वाळवावा. काळ्या मसाल्यास तो वर्षभर उपयोगी पडतो.

रांधण्याचे माप

दुसरी नासाडी चुलीजवळ होते. पुरेसे होईल की नाही, या धास्तीने मूठभर अधिक घालण्याची सवय जवळजवळ प्रत्येक घरात असते. त्यावर उपाय सोपा आहे. तांदूळ, डाळ व पीठ यांसाठी एकेक ठरावीक वाटी ठेवावी. कोण घरी जेवणार, कोण शेतावर, कोण बाजाराच्या गावी, हे सकाळीच विचारून घ्यावे व त्याप्रमाणे माप भरावे. घरातील पुरुषांनी जेवावयास न येण्याचा निरोप वेळेवर दिला, तर कित्येक भाकऱ्या वाचतील. मुलांना प्रथम थोडे वाढावे व मागतील तेव्हा पुन्हा वाढावे. पानात टाकलेले अन्न परत ठेवता येत नाही. पातेल्यातील ठेवता येते.

शिळे कोणी खावे?

या ठिकाणी एका गोष्टीचा स्पष्ट उच्चार केला पाहिजे. अनेक घरांत अन्न वाया जात नाही, याचे कारण उरलेले सर्व घरची बाई खाते. सर्वांची जेवणे झाल्यावर ती बसते. तेव्हा तिच्या वाट्यास कालची भाकरी व तळाची भाजी येते. ताजे वरण आणि पालेभाजी संपलेली असते. ही काटकसर नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. जी बचत घरच्या लक्ष्मीच्या ताटातून होते, ती पुढे दवाखान्यात दामदुपटीने फेडावी लागते.

उरलेली भाकरी कुस्करून फोडणीस टाकली किंवा ताकात कालवली, तर ती रुचकर न्याहारी होते. ती सर्वांनी मिळून खावी. मात्र भात व पातळ भाजी उन्हाळ्यात सकाळची रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवू नये. आंबूस वास आला किंवा तार सुटली, तर ते अन्न नि:शंकपणे टाकून द्यावे. बुरशी लागलेले शेंगदाणे व भाकरी निवडून खाण्याचा मोह धरू नये. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि शिजविल्यानेही पुरते जात नाही.

पंगत आणि गोठा

लग्नसराईत उरलेले अन्न सत्कारणी लागावे, या भावनेने घमेलेभर भात, पोळ्या व बुंदी गाई-म्हशींपुढे ओतली जाते. यात मोठा धोका आहे. असे पिष्टमय व गोड अन्न एकाएकी पोटात गेले की जनावराच्या पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. सडका कांदा भरपूर प्रमाणात घालणेही तितकेच घातक आहे. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे जनावराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी तांबूस होते व जनावर अशक्त होऊन पडते. गोठा ही उकिरड्याची दुसरी जागा नव्हे. जे माणसाच्या किंवा जनावराच्या उपयोगाचे राहिले नाही, त्याची जागा खतखड्ड्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीत आहे.

नाशिक महानगरपालिकेने हॉटेलांतील टाकाऊ अन्न व मैला एकत्र कुजवून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प २०१७ मध्ये उभारला. टाकाऊचा असा उपयोग करणे चांगलेच. पण गॅस करण्यासाठी कोणी बाजरी पेरीत नाही. म्हणून पंगतीतही नासाडी आधीच रोखावी. आचाऱ्यास माणसांचा खरा आकडा सांगावा, भात दोन टप्प्यांत शिजवावा, आग्रह पाहुण्याचा करावा, पदार्थाचा करू नये. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालणाऱ्या गावांनीही हीच रीत पाळावी. त्याने पुण्य कमी होणार नाही.

गावातील कार्यकर्त्यांचे काम

केवळ व्याख्यानाने सवय बदलत नाही. कृषी कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या साहाय्याने प्रथम पाच घरे निवडावीत. प्रत्येक घरी दोन डबे द्यावेत. एकात साली-देठ व दुसऱ्यात खाण्याजोगे असून वाया गेलेले अन्न टाकावे. रोज संध्याकाळी दुसऱ्या डब्याचे वजन करून, ते काय होते व का टाकावे लागले, एवढेच वहीत लिहावे आणि मग दोन्ही डबे खतखड्ड्यात रिते करावेत. आठ दिवसांनी बेरीज करून ती घरातील सर्वांसमक्ष वाचावी. पुरुष मंडळी हजर असतील, अशी वेळ निवडावी. महिन्याने पुन्हा आठ दिवस हाच प्रयोग करावा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेविले म्हणजे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

शेतातील उत्पन्न वाढविण्यासाठी पाणी, बियाणे आणि पैसा लागतो. घरात वाचविलेल्या दाण्याला यांपैकी काहीच लागत नाही. तो आधीच पिकलेला, मळलेला आणि घरी आणलेला असतो. त्याची राखण करण्याचे काम एकट्या गृहिणीचे नसून, तो दाणा खाणाऱ्या प्रत्येकाचे आहे.