शाळेतील रिक्त पदे आणि दहा टक्क्यांचा नियम

बेळगाव, खानापूर भागातील सरकारी मराठी शाळांत शिक्षक अपुरे पडतात, ही तक्रार आपल्या मंडळाच्या बैठकीत दरवेळी निघते. मात्र याबाबत कायदा नेमके काय सांगतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असतील तर तीन आणि ९१ ते १२० असतील तर चार. म्हणजे एकसष्टावे मूल सोबत तिसरा शिक्षक घेऊन येते!

खरे महत्त्वाचे आहे ते कलम २६. सरकारी वा अनुदानित शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. हे प्रमाण प्रत्येक शाळेचे वेगळे मोजायचे असते. तालुक्याची सरासरी इथे चालत नाही. (आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटते. एका शाखेची तूट शेजारच्या शाखेच्या शिलकेतून दाखवता येत नाही.) आता हिशेब करा. दोन पदांच्या शाळेत एक जागा रिकामी झाली की पन्नास टक्के, पाच पदांच्या शाळेत वीस टक्के. निदान दहा पदे मंजूर असतील, तरच एक रिकामी चालेल. खेड्यातल्या मराठी शाळेत दहा पदे कुठली? तेव्हा तिथे एकही पद रिकामे ठेवणे नियमात बसत नाही. मानधनावर अतिथी शिक्षक आले, म्हणून मंजूर पद भरले असे होत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र कायदा मऊ आहे. मातृभाषेतून शिक्षण 'शक्यतोवर' द्यावे, असे तो म्हणतो. १९५६ साली घटनेत आलेले कलम ३५० क सुद्धा राज्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी 'प्रयत्न' करावा एवढेच सांगते. म्हणून मराठीतून शिकवू शकणारा शिक्षक हवा, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तो न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. अर्जाला पटसंख्या, मंजूर पदे, रिक्त पदे यांचा तक्ता आणि एसडीएमसीचा ठराव जोडावा, पोच जरूर घ्यावी.

पट ६१ वरून ६० वर घसरला, तर तिसऱ्या शिक्षकासाठी या तरतुदीचा आधार उरत नाही. प्रवेशाच्या दिवसांत घरोघर जाणे म्हणूनच आवश्यक. अर्जाचा मराठी व कन्नड नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे.