लेखणी आणि ध्वनिक्षेपक

बेळगावनजीकच्या उचगावात बसून क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसते; समालोचकाच्या शब्दांतूनच ते त्याच्यापुढे उभे राहते. म्हणून वृत्तपत्रांत खेळावर लिहिणाऱ्यास समालोचकाचे मानाचे स्थान द्यावे काय, हा प्रश्न त्याच्याही जिव्हाळ्याचा ठरतो. जो कसोटी सामना खेळला नाही त्याला हा अधिकार कसला, असा आक्षेप घेतला जातो.

महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेल्या बाळ ज. पंडित यांच्यापाशी खेळाडूचा अनुभव आणि लेखणी ही दोन्ही होती. परंतु हैदराबादच्या मराठी कुटुंबातील हर्षा भोगले हे कसोटीपटू नव्हेत. ते रसायन अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनशास्त्र शिकलेले स्तंभलेखक. तरीही भारतीय संघाच्या १९९१-९२ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियन नभोवाणीने त्यांना पाचारण केले. पुढे कीर्ती लाभूनही २०१६ मध्ये आयपीएलच्या समालोचकांतून ते वगळले गेले. तेव्हा ही खुर्ची कोणालाच कायमची मिळत नाही.

मात्र स्तंभलेखन म्हणजे समालोचनाचा परवाना नव्हे. लेखकाला चुकलेला शब्द खोडता येतो. समालोचकाच्या तोंडून सुटलेला शब्द परत घेता येत नाही. धावसंख्या वेळोवेळी सांगणे, क्षेत्ररक्षकांच्या जागा दाखविणे आणि प्रेक्षकांचा जल्लोष उसळताच क्षणभर गप्प राहणे, ही कला निराळीच आहे. ती ज्याला साधली, तो खेळाडू असो वा लेखक, त्या जागेस पात्र होय. उचगावच्या श्रोत्याला मैदान दिसले की नाही, हीच त्याची खरी कसोटी.