दशकाचे चित्रपट कसे निवडावेत?

दहा वर्षांचा काळ संपला की लोक हिशेब मांडू लागतात. पाऊस किती वर्षे चांगला झाला, धरण कोणते बांधले गेले, राज्य कोणाचे आले. चित्रपटांचाही असाच हिशेब मांडता येतो. पण तो मांडायचा कसा? कोणी म्हणतो, सर्वांत जास्त चालला तो चित्रपट दशकाचा. कोणी म्हणतो, बक्षीस मिळाले तो. आणि गाणी अजून ओठांवर आहेत तोच खरा, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत.

आपण १९५० ते १९५९ ही दहा वर्षे घेऊ. स्वराज्य नुकतेच आले होते. पंचवार्षिक योजना सुरू झाल्या होत्या. जत्रेच्या माळावर तंबू ठोकून फिरता सिनेमा दाखवला जाई आणि गावचे लोक जमिनीवर बसून तो पाहत. या काळातले चित्रपट निवडताना एक कसोटी मला उपयोगी वाटते. त्या दहा वर्षांत लोकांपुढे जो प्रश्न उभा होता आणि ज्याचे उत्तर अजून मिळालेले नव्हते, तो प्रश्न त्या चित्रपटात आहे का? असेल, तर तो चित्रपट दशकाचा.

या कसोटीने पाहिले तर काही फार चांगले चित्रपट यादीबाहेर राहतात. 'श्यामची आई' हे नाव गुरुजन मंडळी आधी घेतील. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्यांदा दिले गेले ते १९५४ साली, आणि ते यालाच. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ चा. त्याची कीर्ती तर जगभर झाली. तथापि या दोन्ही चित्रपटांतले गाव आणि घर स्वराज्याच्या कितीतरी आधीचे आहे. ते कोणत्याही काळी मनाला भिडतील. उत्तम चित्रपट वेगळा आणि दशकाचा चित्रपट वेगळा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांना वगळण्यात त्यांचा अपमान होत नाही.

मग आत कोण येतो? पहिला 'दो बिघा जमीन', १९५३. दिग्दर्शक बिमल रॉय. बंगालमधला शंभू महातो हा दोन बिघे रानाचा धनी. जमीनदाराला तिथे गिरणी उभारायची आहे. शंभूच्या समजुतीप्रमाणे त्याचे देणे ६५ रुपये. जमीनदाराच्या वहीत ते २३५ रुपयांवर गेलेले. कोर्ट त्याला तीन महिन्यांची मुदत देते. पैशासाठी तो कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. शेवटी जमीन जाते, आणि तिथली मूठभर माती उचलायला गेला तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. जमीन कसणाराची की कागद ज्याच्या हाती त्याची, हा त्या वेळचा जिवंत प्रश्न होता. आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा; १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळण्याची वाट खुली झाली.

दुसरा 'नया दौर', १९५७. बी. आर. चोप्रांचा. लाकडाच्या वखारीत यंत्राची करवत येते आणि मजूर घरी बसतात. पुढे मालक मोटारबस आणतो आणि टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. गावकरी रस्ता बांधतात, टांग्याची नि बसची शर्यत लागते, टांगा जिंकतो. शर्यत जिंकली तरी टांगा काही टिकायचा नव्हता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण चित्रपटाचे म्हणणे यंत्र नको असे नव्हतेच. यंत्राचा लाभ सगळ्यांना मिळावा, एकट्याला नको, असे ते होते. मोठ्या कारखान्यांवर भर देणारी दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच, १९५६ साली सुरू झाली होती. तेव्हा हा सवाल किती वेळेवर होता ते पाहा.

तिसरा 'मदर इंडिया', तोही १९५७ चा. गंमत अशी, की मेहबूब खान यांनी हीच कथा १९४० साली 'औरत' या नावाने पडद्यावर आणली होती. सतरा वर्षांनी 'बाई'ची 'भारतमाता' झाली. नाव बदलले, त्यातच काळ बदलल्याची खूण आहे. चित्रपटाच्या आरंभी म्हातारी राधा नव्या कालव्याचे पाणी सोडते. पण मागची हकिकत तीच: लग्नासाठी काढलेले ५०० रुपये आणि कधीच न फिटणारे व्याज.

चौथा मराठी, 'सांगत्ये ऐका', १९५९. दिग्दर्शक अनंत माने, पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, प्रमुख भूमिकेत हंसा वाडकर. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. गावच्या पाटलाने केलेला अन्याय तमासगीर बाई भर फडात सांगते. कायदा आला, मते आली, पण गावात वर मान करून बोलायचे कोणी? हा प्रश्न इथे विचारला गेला.

ही यादी शेतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची आहे, हे उघड आहे. शहरातला निवडणारा 'श्री ४२०' किंवा 'प्यासा' पुढे करील, आणि त्याचेही चूक नाही. यादीवरून काळ कळतो, तसा निवडणाराही कळतो.

गुरुजींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, "आजोबा, तुमच्या ऐन उमेदीच्या दहा वर्षांतला चित्रपट कोणता? आणि तोच का?" 'का' महत्त्वाचे. नावे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्या वेळचा प्रश्न लिहावा: दुष्काळ, गिरणीची नोकरी, हुंडा, जे निघेल ते.

आणि एक गोष्ट मुलांच्या नजरेस जरूर आणून द्यावी. 'दो बिघा जमीन'मध्ये शंभू अंगठेबहाद्दर आहे. 'मदर इंडिया'त बिरजूला लाला सावकाराची वही वाचता येत नाही. दोन्हीकडे कर्ज वाढते ते लिहिणाऱ्याच्या लेखणीने, आणि घेणाऱ्याला ते वाचता येत नाही म्हणून. त्या दशकातल्या दोन मोठ्या चित्रपटांत हे एकच दुखणे यावे, यावरून ते घरोघरचे होते हे कळते. वर्गातल्या पोराने आज घरच्या कर्जाचा कागद आईबापांना नीट वाचून दाखवला, तर त्या जुन्या चित्रपटांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर तरी त्या घरापुरते मिळाले, असे म्हणता येईल.