४५ पैशांचा प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये शेगावहून विदर्भ नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसचं रिझर्वेशन शोधणं सुरू होतं. आयआरसीटीसीवर पैसे भरण्याआधी विचारतात, प्रवास विमा हवा का? आपण घाईत काहीतरी क्लिक करतो.

माणशी ४५ पैसे. (तेवढ्यात कँटीनचा चहाचा एक घोटही येत नाही!) रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, दवाखान्याच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. गाडी चुकली, मोबाईल चोरीला गेला तर काही नाही. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला ही सोय नाही, आणि शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं तरी नाही. एस.टी.ने २०१६ मध्ये अपघात निधीचा १ रुपया तिकिटातच धरायला सुरुवात केली, तिथे कुणी विचारत बसलं नाही.

खरी गोची पुढेच आहे. विमा घेतला की कंपनीची लिंक येते, त्यात वारसदाराचं नाव भरायचं असतं. आपण ती जाहिरात समजून डिलीट करतो. नाव नसलं म्हणून पैसे बुडत नाहीत, पण कायदेशीर वारस असल्याचे कागद गोळा करत आईबाबांनाच फिरावं लागतं. मी दोन वर्षं विमा घेतला, लिंक एकदाही उघडली नाही. परवाच्या तिकिटाला आईचं नाव टाकलं. तिला अजून सांगितलेलं नाही.