बकलपर्यंत न पोचणारा पट्टा

रोलर कोस्टरच्या आसनात कोण मावेल, हे वजनकाटा सांगू शकत नाही. छातीचा घेर, पोटाचा पुढे आलेला भाग, मांड्यांची जाडी आणि बसल्यावर खांद्यांची उंची, यांवर ते ठरते. शंभर किलोचा उंच, रुंद हाडापेराचा माणूस सहज बसून जातो. त्याच्याहून पंधरा किलोंनी हलका, पण बुटका आणि पोट सुटलेला माणूस उठवला जाऊ शकतो. हा निकाल बहुतेक वेळा गाडी सुटायच्या तोंडावर लागतो, शेजारी बसलेल्या मुलाबाळांच्या आणि पुढच्या फेरीसाठी उभ्या असलेल्या रांगेच्या देखत.

महाराष्ट्रात हा प्रश्न खोपोलीजवळच्या इमॅजिकात प्रकर्षाने समोर येतो. मुंबईच्या उपनगरांत एका पिढीने पहिला रोलर कोस्टर पाहिला तो गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये, 1989 नंतर, होडीने खाडी ओलांडून. आता माहुल, चेंबूर, घाटकोपरच्या सोसायट्यांच्या, शाळा-कॉलेजांच्या आणि कंपन्यांच्या सहली वाशीचा पूल ओलांडून द्रुतगती मार्गाने खोपोलीकडे जातात. 2013 साली सुरू झालेल्या या उद्यानातली ‘नायट्रो’ ही देशातल्या सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरपैकी एक. उंची सुमारे 40 मीटर, वेग ताशी 105 किलोमीटरच्या आसपास, पाच वेळा डोके खाली पाय वर. एका ओळीत चौघे बसतात आणि पायांखाली फळी नसते. गाडी सुटण्याआधी फलाटाची जमीनच बाजूला सरकते. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची, बॉलिगर अँड माबियार. दोन अभियंत्यांनी 1988 साली सुरू केलेली ही कंपनी या धंद्यात अतिशय नावाजलेली आहे.

या जातीच्या गाडीचे आसन सपाट बाक नसते. ते साच्यातून काढलेले असते, पाठ खोलगट, आणि दोन्ही मांड्यांच्या मध्ये खोगिरासारखा उंचवटा. त्यामुळे माणूस पुढे घसरत नाही, पण ज्यांच्या मांड्या भरदार आहेत त्यांना बूड पार मागे नेता येत नाही, आणि मागे नेता आले नाही की पुढची सगळी गणिते चुकतात. वरून खांद्यांवर येतो जाड रबरी आवरणाचा दांडा. तो छातीवर बसतो आणि त्याच्या खालच्या टोकाला आसनातून वर येणारा एक आखूड पट्टा बकलमध्ये अडकवावा लागतो. गाडी उलटी झाली तरी माणसाला धरून ठेवण्याचे काम दांडा करतो. पट्टा हा दुसरा पहारेकरी. पण त्याचे त्याहून महत्त्वाचे काम मोजमापाचे आहे. त्याची लांबी ठरलेली असते, ओढून वाढवता येत नाही. दांडा पुरेसा खाली आला असेल तरच बकल लागते. बकल लागले नाही, तर आत बसलेले शरीर या आसनाच्या मापाबाहेरचे आहे.

दांडा इतका खाली का यावा लागतो, याचे उत्तर टेकाडाच्या माथ्यावर मिळते. गाडी वेगाने माथा ओलांडून खाली वळते तेव्हा शरीराला सरळ पुढे जायचे असते, गाडी मात्र खाली निघालेली असते, आणि माणूस आसनावरून उचलला जातो. लोक पैसे मोजतात ते याच क्षणासाठी. माथ्याचे वळण तीव्र असेल आणि शरीराला उणे अर्धा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचा, पण वरच्या दिशेने झटका बसला, तर शंभर किलोचा माणूस दांड्याला पन्नास किलोच्या भाराने वर ढकलतो. पोलादी दांड्याला हा भार काहीच नाही. शरीर आणि दांडा यांच्यात उरलेली जागा मात्र धोक्याची असते. मांडीवर येणाऱ्या आडव्या दांड्याचेही असेच. तो मांडीच्या मुळाशी, हाडाजवळ बसायला हवा. पोट मोठे असेल तर तो आधी पोटावर टेकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण पोट मऊ असते. झटका बसला की ते दबते, बाजूला सरकते, आणि मांडी व दांडा यांच्यामध्ये अचानक मोकळी जागा तयार होते. प्रवाशाला हे आधी जाणवत नाही, कारण पोटावरचा दाब त्याला सुरक्षितपणाचा भास देत असतो.

अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेच्या एफ2291 मानकात अशा बंधनांचे पाच वर्ग केलेले आहेत. साधा संथ पाळणा पहिल्या वर्गात, तिथे बंधन नसले तरी चालते. पाचव्या वर्गात मात्र कुलूप एक निकामी झाले तरी दुसऱ्याने धरून ठेवले पाहिजे, प्रवाशाला ते स्वतः उघडता येता कामा नये आणि दांडा लागला की नाही हे चालकाला खात्रीने कळले पाहिजे. मोठ्या उलट्या गाड्या याच वर्गात मोडतात.

फलाटावर मात्र हे सगळे एका माणसाच्या दोन हातांत येऊन थांबते. गाडी लागते, लोक बसतात, पिशव्या आणि चपला बाजूला जातात. मग गणवेशातला मुलगा किंवा मुलगी ओळीने फिरते. एका हाताने दांडा खाली दाबायचा, दुसऱ्याने पट्टा ओढून पाहायचा, पुढचे आसन. बारीक प्रवाशाला दोन सेकंद पुरतात. भारदस्त प्रवाशापाशी हात थबकतो. पट्ट्याचे टोक पोटाच्या घडीखाली गेलेले असते, ते बोटांनी चाचपून बाहेर काढावे लागते. प्रवाशाला मागे सरकायला, पाठ ताठ करायला, श्वास सोडायला सांगितले जाते. दांडा पुन्हा दाबला जातो, या वेळी शरीराचे वजन टाकून. पट्ट्याची जीभ बकलच्या तोंडाशी येते आणि बोटभर अंतरावर थांबते. पुन्हा एकदा. मग कर्मचारी मान हलवतो, दांडा उघडला जातो, आणि तो माणूस किंवा ती बाई उठून मागच्या बाजूने बाहेर पडते. घरचे लोक गाडीतच असतात, गाडी सुटते.

या कामाचा खरा कस बोटभर उरलेल्या त्या अंतरात लागतो. फलाटावर अडलेली गाडी म्हणजे मागची गाडी अडलेली आणि वाढणारी रांग. प्रवासी विनवत असतो, की लांबून आलोय, तिकिटाचे पैसे भरलेत, अजून एकदा दाबून बघा. विशीतल्या कर्मचाऱ्याला आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला सगळ्यांसमोर उतरायला सांगायचे असते. दयेपोटी दांडा आणखी रेटला तर बकल लागेलही, पण ते लागेल दाबलेल्या पोटावर, आणि पोट पहिल्याच टेकाडावर जागा सोडेल. नकार देणारा हात म्हणूनच आदराला पात्र आहे. या नकाराची जागा मात्र फलाट नसावी. उद्यानाने तो नकार रांगेच्या तोंडाशीच, शांतपणे, निर्जीव आसनाच्या साहाय्याने द्यायला हवा.

असे का, हे दोन अपघातांतून दिसते. जुलै 2013 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू टेक्सास जायंट या गाडीतून एक स्त्री खाली पडून मरण पावली. त्या गाडीला फक्त मांडीवरचा दांडा होता. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा दांड्याची गादी बदलली होती, पट्टे लावले होते आणि प्रवेशाशी बसून पाहण्यासाठी एक आसन ठेवले होते. दुसरा अपघात 24 मार्च 2022 चा, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमधला. 131 मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून आसने सोडून देणारा हा पाळणा होता. खांद्यावरचा दांडा होता, पट्टा नव्हता. निर्मात्याच्या पुस्तिकेत प्रवाशाची मर्यादा 130 किलो लिहिली होती. चौदा वर्षांच्या ज्या मुलाचा जीव गेला, त्याचे वजन सुमारे 174 किलो होते. त्या आसनावर दांडा किती खाली आला हे ओळखणाऱ्या सेन्सरची जुळणी हाताने बदललेली होती, त्यामुळे नेहमीच्या जवळपास दुप्पट फट असूनही यंत्रणेने दांडा बंद मानला. खाली येताना ब्रेक लागला आणि मुलगा त्या फटीतून निसटला.

130 किलो हा आकडा तेव्हापासून वारंवार सांगितला जातो, आणि तो बरोबरच आहे. पुस्तिका पाळली असती तर तो मुलगा बसलाच नसता. पण आकड्यावर सगळा भार टाकणे अपुरे आहे. 130 किलोच्या आतल्या माणसालाही एखादा दांडा नीट बसत नाही, आणि फाटकावर 130 किलोचा फलक लावला तरी आसनातली फट मोजली जात नाही. सेन्सरची जुळणी बदलली नसती तर वजनकाट्याशिवायही यंत्राने तो मुलगा खाली उतरवला असता. फट मोजणे हेच खरे मोजमाप.

भारतीय शरीराच्या बाबतीत तर वजनाचा आकडा आणखी फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केले आहे. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2. हातपाय बारीक आणि चरबी पोटाभोवती, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी ठेवण. युरोपातल्या मोजमापांवर बेतलेल्या दांड्यासमोर असे शरीर आले, तर वजनाच्या तक्त्यानुसार मावायला हवा असलेला माणूसही पोटाशी अडू शकतो. देशातल्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 24 टक्के स्त्रिया आणि सुमारे 23 टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. म्हणजे सहलीच्या प्रत्येक बसमध्ये हा प्रश्न असलेली माणसे बसलेली असतात.

उलट बाजूने अडणारेही आहेत. तालमीत घडलेल्या पैलवानाचे पोट सपाट असते, पण छातीच्या पिंजऱ्याचा घेर दांड्याला खाली येऊ देत नाही. भरलेल्या छातीच्या स्त्रियांना दांडा अवघडतो. फार उंच माणसाला तो खांद्यांवरच रुततो. कपड्यांचाही हिशेब असतो: साडीच्या निऱ्यांचा जाड गठ्ठा नेमका पट्ट्याच्या वाटेत येतो, ओढणी बांधून घ्यावी लागते, खिशातला मोबाइल आणि पाकीट मांडीवर फुगवटा करतात. जो पट्टा बोटभर कमी पडत होता, तो कधीकधी खिसे रिकामे केल्यावर आणि बूड नीट मागे नेल्यावर लागतो, आणि तेव्हा तो खरोखरच लागलेला असतो.

उपाय अज्ञात नाहीत. बॉलिगर अँड माबियारच्या अनेक गाड्यांत ठरावीक ओळींतल्या काही आसनांना दोन पट्टे आणि दोन बकले असतात. ही आसने मोठ्या छातीच्या आणि पोटाच्या लोकांसाठी आहेत. दांडा थोडा वर थांबला तरी तो सुरक्षित मर्यादेतच राहील अशी त्यांची मोजणी केलेली असते. परदेशातले सराईत प्रवासी कोणत्या ओळीत बसायचे हे विचारूनच रांग धरतात. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल उद्यानात 2010 साली हॅरी पॉटरवर बेतलेली नवी राइड सुरू झाली आणि अनेक मोठ्या शरीराचे लोक परत फिरले. उद्यानाने नंतर काही आसनांत बदल करून घेतले. पुष्कळ उद्यानांत रांगेबाहेर, थोड्या आडोशाला, गाडीतल्यासारखेच एक आसन ठेवलेले असते. कोणीही बसावे, दांडा ओढावा, बकल लावून पाहावे. लागले नाही तर माणूस आपल्या माणसांना सांगून दुसऱ्या राइडकडे वळतो, तासभर रांगेत उभे राहिल्यानंतर चारचौघांत उठवला जात नाही. मराठी, हिंदी फलकांवर उंचीची पट्टी सगळीकडे दिसते. शरीराच्या घेराबद्दल, दोन पट्ट्यांच्या आसनांबद्दल तितक्याच स्पष्टपणे लिहिले, तर फलाटावरच्या मुलांचेही अर्धे काम हलके होईल.

ऑर्लँडोच्या त्या अपघातानंतर फ्लोरिडाने 2023 मध्ये केलेल्या कायद्यात उंचावरून पडणाऱ्या अशा पाळण्यांना दांड्यासोबत पट्टाही सक्तीचा केला. जिथे तो मुलगा पडला, तो मनोरा त्याच वर्षी उतरवण्यात आला.